गादीच्या शस्त्रक्रियेनंतर झिजणारा गुडघा : स्टेरॉईड, वंगण की पीआरपी?

दुर्बिणीतून गुडघ्याची गादी, म्हणजे मेनिस्कस, कापून झाली, काही वर्षे बरी गेली आणि आता त्याच गुडघ्यात झीज दिसू लागली, अशी तक्रार घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाणारे पन्नाशी-साठीतले अनेक जण पुण्यात भेटतात. सांधा बदलण्याइतकी वेळ आलेली नसते, रोजच्या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला मानवत नाहीत आणि पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीचे जिने तर रोज चढायचेच असतात. अशा वेळी इंजेक्शनचा विषय निघतो. एका दवाखान्यात स्टेरॉईड सुचवले जाते, दुसऱ्यात ‘वंगण’, तिसऱ्यात स्वतःच्याच रक्तातले पीआरपी, म्हणजे प्लेटलेटांनी समृद्ध केलेला प्लाझ्मा. यांपैकी एकही इंजेक्शन कापलेली गादी परत आणत नाही आणि झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, भरून काढते असेही सिद्ध झालेले नाही, हे सुरुवातीलाच नोंदवलेले बरे. ही निवड दुखणे कमी करण्याच्या साधनांमधली आहे आणि दुखणे कमी झालेल्या काळात आपण गुडघ्यासाठी काय करणार, हे तिच्याइतकेच महत्त्वाचे आहे.

निवडीआधी आपला गुडघा नेमका कोणत्या अवस्थेत आहे ते समजून घेतले पाहिजे. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये भार पसरवण्याचे काम गादी करते. ती जितकी कापली जाते तितका तोच भार कमी जागेवर एकवटतो. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेत सांध्यातली फट अरुंद होते, हाडाची कड वाढते आणि मांडीच्या हाडाचा गोलवा चपटा होतो, हे फेअरबँक या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९४८ मध्येच नोंदवून ठेवले आहे. बाहेरच्या बाजूची गादी काढलेली असेल तर हा त्रास बहुधा लवकर सुरू होतो. म्हणून जुन्या फायलीतून डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेची नोंद शोधून काढावी, कोणत्या बाजूची गादी किती काढली आणि कूर्चा त्या वेळी कशी दिसली होती ते वाचून घ्यावे आणि दोन्ही गुडघ्यांचा उभे राहून काढलेला एक्स-रे सोबत न्यावा, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेत फट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसू शकते. एमआरआयबाबत एक सावधगिरी हवी. शस्त्रक्रिया झालेल्या गादीचा उरलेला भाग एमआरआयमध्ये पुष्कळदा फाटल्यासारखाच दिसतो. त्यामुळे अहवालात तसा शब्द आला म्हणून नवी इजा झाली असे लगेच मानू नये. मात्र गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल, तर तो प्रश्न इंजेक्शनने सुटणारा नाही; तो शल्यचिकित्सकालाच दाखवला पाहिजे.

स्टेरॉईड हा सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर गुण देणारा पर्याय आहे. ट्रायमसिनोलोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन सांध्यात दिले की आतल्या अस्तराची सूज ओसरते आणि काही दिवसांतच फरक जाणवतो. हा आराम साधारणपणे काही आठवडे टिकतो. गुडघा सुजलेला असेल, आत पाणी झाले असेल आणि रात्री ठणका झोपू देत नसेल, तर पाणी काढून स्टेरॉईड देणे हा सरळ आणि योग्य उपाय आहे असे मला वाटते. अडचण वारंवार घेण्यात आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन किंवा तुलनेसाठी नुसते सलाइन, म्हणजे औषध नसलेले मिठाचे पाणी, सांध्यात दिले गेले. शेवटी वेदनेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. स्टेरॉईडच्या गटात कूर्चेची जाडी मात्र सरासरी ०.२१ मिलिमीटरने घटली, तर सलाइनच्या गटात ०.१० मिलिमीटरने. ज्याच्या सांध्याने गादीचा आधार आधीच गमावलेला आहे, त्याने हा आकडा गांभीर्याने घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांची रक्तशर्करा इंजेक्शननंतर काही दिवस चढते, त्यामुळे त्या दिवसांत ती घरी तपासत राहावे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन यांबद्दल आधीच विचारून ठेवावे.

आषाढी वारीच्या तोंडावर इंजेक्शन घेऊन पालखीबरोबर पुण्यातून निघायचे आणि दिवे घाट चढून सासवड गाठायचे, असा बेत काही जण आखतात. त्यामागची ओढ समजण्यासारखी आहे, पण दुखणे दबलेल्या गुडघ्यावर एका दिवसात एवढा भार टाकला तर तो थांबण्याची सूचना देत नाही. वारी चालायचीच असेल, तर तयारी काही महिने आधी स्नायूंच्या बळापासून सुरू झाली पाहिजे आणि स्टेरॉईड घेतलेच तर त्यानंतरचे काही दिवस तरी गुडघ्याला जपले पाहिजे.

हायलुरॉनिक आम्लाचे इंजेक्शन आपल्याकडे ‘वंगण’ म्हणून ओळखले जाते. सांध्यातील द्रवात हे द्रव्य मुळातच असते आणि झिजलेल्या गुडघ्यात ते पातळ पडते, म्हणून ते बाहेरून भरावे, ही कल्पना ऐकताक्षणी पटते. दाखवता येईल असा लाभ मात्र फारच लहान आहे. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात सलाइनच्या तुलनेत वेदनेतील फरक रुग्णाला जाणवावा इतका नव्हता आणि गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण मात्र काहीसे अधिक होते. त्याच वर्षी उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ते देऊ नये असे सांगितले आणि अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीनेही २०२१ मध्ये नेहमीच्या वापरासाठी त्याची शिफारस केलेली नाही. दुसऱ्या बाजूला, सांध्यांच्या झिजेवर संशोधन करणाऱ्या ओआर्सी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी त्याला सशर्त स्थान दिले आहे. स्टेरॉईड न चालणाऱ्या रुग्णासाठी काही तज्ज्ञ आजही ते सुचवतात, ते याच आधारावर. एक किंवा आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच, अशा वेगवेगळ्या क्रमांत ते मिळते आणि खर्च स्टेरॉईडच्या अनेक पट होतो. काही कंपन्यांचे हे द्रव्य कोंबड्याच्या तुऱ्यापासून, तर काहींचे जीवाणूंच्या साहाय्याने तयार होते. पक्ष्यांच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि कटाक्षाने शाकाहारी असणाऱ्यांनीही हे आधी विचारावे. माझ्या मते पैसे मोजूनच घ्यायच्या औषधांत याचा क्रम शेवटी लागतो.

पीआरपीचा निर्णय अवघड आहे, कारण तिथे आशाही आहे आणि गोंधळही. रुग्णाचेच रक्त काढून ते यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेटांनी समृद्ध झालेला प्लाझ्मा सांध्यात सोडतात. लहान चाचण्यांमधून सहा महिने ते वर्षभर आराम दिसल्याचे अहवाल आहेत आणि अमेरिकन अकादमीनेही मर्यादित पुराव्यावर का होईना, त्याने वेदना कमी होऊ शकते असे म्हटले आहे. याउलट ऑस्ट्रेलियातील रिस्टोर या काटेकोर चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, सौम्य ते मध्यम झीज असलेल्या २८८ जणांना दर आठवड्याला एक याप्रमाणे तीन पीआरपी किंवा सलाइन दिले गेले. वर्षभरानंतर वेदनेत आणि कूर्चेच्या आकारमानात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. वेदना दोन्हीकडे कमी झाली होती, म्हणजे सलाइन घेतलेल्यांनाही बरे वाटले होते, ही बाब ओळखीच्यांचा अनुभव ऐकताना लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यातच पीआरपी हे एकच औषध नव्हे. प्लेटलेटांचे प्रमाण किती, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, रक्त किती वेळा फिरवले, हे दवाखान्यागणिक बदलते आणि कोथरूडमधल्या शेजाऱ्याला मिळालेला गुण त्याच नावाच्या दुसऱ्या मिश्रणातून मिळेलच असे नाही. पहिले दोन-तीन दिवस गुडघा दुखतो आणि त्या काळात डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बहुधा टाळायला सांगतात, याचीही तयारी हवी. झीज सुरुवातीची आहे, पाय फारसा वाकडा झालेला नाही, खर्च सहज झेपतो आणि फरक पडला नाही तरी निराशा पचवता येईल, अशाच व्यक्तीने याचा विचार करावा. कर्ज काढून किंवा घरखर्चातून ओढून घेण्याचा हा उपचार नाही.

स्टेम सेलच्या नावाने कूर्चा नव्याने उगवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर तेथून परत फिरावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत वेगवेगळ्या पेशींची इंजेक्शने वर्षाअखेर साध्या स्टेरॉईडपेक्षा सरस ठरली नाहीत.

या सर्व इंजेक्शनांच्या शेजारी ठेवून ज्याची तुलना व्हायला हवी, तो पर्याय म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत १५६ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉईड आणि निम्म्यांना फिजिओथेरपी मिळाली. वेदना आणि हालचालीची अडचण मिळून ० ते २४० या मापावर, जिथे कमी गुण म्हणजे चांगली स्थिती, दोन्ही गट शंभरच्या थोडे वरून निघाले. वर्षाअखेर स्टेरॉईडचा गट सरासरी ५५.८ वर होता आणि फिजिओथेरपीचा ३७.० वर. गादीच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचे पुढचे स्नायू बहुधा पूर्ववत होतच नाहीत, कारण दुखणे थांबले की व्यायामही थांबतो. चालताना एक किलो वजन घटले की गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही मोजून दाखवले गेले आहे. वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांनी ती सोडण्याचे कारण नाही. उतार आणि खडकाळ वाट तेवढी काही महिने टाळावी, सपाटीवर चालावे, आणि पर्वतीच्या पायऱ्या स्नायू भक्कम झाल्यावर पुन्हा सुरू कराव्यात.

म्हणून माझा क्रम असा राहील. सूज आणि ठणका असेल तर एकदा स्टेरॉईड, आणि आराम पडलेल्या आठवड्यांतच फिजिओथेरपीची सुरुवात. सूज नसेल तर थेट व्यायाम. तीन महिने नेटाने करूनही दुखणे कायम असेल आणि झीज कमी असेल, तर पीआरपीबद्दल बोलणी. पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल, तर इंजेक्शनांची मालिका लांबवण्यापेक्षा हाडाची दिशा सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दल मत घ्यावे, कारण आतल्या बाजूवर एकवटणारा भार कोणत्याही सुईने हलत नाही. सांधा बदलण्याची तारीख ठरत आली असेल, तर त्याआधीच्या तीन महिन्यांत सांध्यात इंजेक्शन घेऊ नये. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. कोणतेही इंजेक्शन घेतल्यावर दुखणे उतरण्याऐवजी चढत गेले, गुडघा लाल आणि गरम झाला किंवा ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.