रंगवलेला डायनॅमो विकणाऱ्यांपासून सावध राहा

वडिलांच्या १९५७ च्या मॉरिस मायनर गाडीचं चार्जिंग बंद पडलं. जुने पार्ट विकणाऱ्या एका दुकानदाराने डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) न उघडताच ‘आर्मेचर जळालंय’, म्हणजे आतला फिरणारा तारांचा गाभा गेलाय, असं सांगितलं आणि ‘ओव्हरहॉल केलेला ओरिजिनल ल्युकस सी४०’ पुढे ठेवला. आमचा ल्युकसचाच सी३९ मॉडेलचा होता, १९ अँपिअरचा. सी४० देतो २२, आणि मायनरला तो बसतोही. दुकानदाराने बॅटरी लावून तो मोटरसारखा फिरवून दाखवला आणि आमचा जुना बदल्यात ठेवून घेतला.

गाडीत बसवला तरी चार्जिंगचा लाल दिवा विझेना. मग म्हणे रेग्युलेटर (चार्जिंग आटोक्यात ठेवणारा डबा) गेलाय. त्याचेही पैसे घेतले, दिवा तसाच.

शेवटी एका जुन्याजाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढल्या, ‘डी’ (वीज बाहेर देणारं) आणि ‘एफ’ (फील्ड कॉइलचं) टर्मिनल तारेने जोडली आणि तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावला. इंजिनचा वेग हळूहळू वाढवला की काटा भराभर चढायला हवा (वीस व्होल्टच्या आत थांबवायचं, इंजिन तापवत बसायचं नाही). एखाद्या व्होल्टवर अडला तर फील्ड कॉइलवर (बॉडीच्या आत बसवलेली, चुंबक तयार करणारी गुंडाळी) संशय, बाराच्या निम्म्यावर अडला तर आर्मेचरवर. आमचा सहावर अडला. उघडल्यावर सगळं दिसलं: कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) लेथवर घासून पातळ केलेला, पट्ट्यांमधला अभ्रक खाली न कोरता तसाच, त्यावर टेकून वीज घेणारे कार्बन दुसऱ्याच कशाचे तरी कानशीने घासून बसवलेले. जाड काळ्या रंगाखाली मॉडेल आणि नंबर खोडलेला. ल्युकसच्या बॉडीवर मॉडेल, नंबर, महिना-वर्ष ठोकलेलं असतं. तिथे रंग खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नुसता मोटरसारखा फिरला म्हणजे चार्जिंग देईलच असं नाही.

जीव तुटतो तो जुन्या डायनॅमोसाठी. त्याचा फक्त मागचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) आवाज करत होता. तिथल्या बारीक भोकात अधूनमधून इंजिन ऑइलचे दोन-चार थेंब सोडावे लागतात, जास्त नाही, नाहीतर तेल कम्युटेटरवर उतरतं. बुश आणि कार्बन बदलून तो बहुतेक चालला असता. परत मागायला गेलो तर ‘भंगारात गेला’. बिलावर नुसतं ‘डायनॅमो १ नग’, त्यामुळे तक्रार करायलाही काही हाती नाही. दुरुस्तीला देण्याआधी बॉडीवरच्या नंबराचा फोटो काढा, आणि बदली घेताना दोन्ही नंबर बिलावर लिहून घ्या.