सेल्फ डिफेन्सचा लेझर: आठ दिवस वापरला आणि परत केला

रात्री उशिरा एकटीने घरी यावं लागतं म्हणून हा हिरवा लेझर मागवला. जाहिरातीत लिहिलेलं, डोळ्यावर मारा, समोरचा जागीच थांबेल, आणि खाली ठळक अक्षरात 'पूर्ण कायदेशीर'. बॉडी मेटलची आहे, ग्रिप मस्त, बटण अंधारातही लगेच सापडतं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण लेबलवर लेझरची ताकद ५ मिलिवॅटपेक्षा कमी आणि त्यांच्याच व्हिडिओत हा लेझर काडी पेटवतो, अरे ५ मिलिवॅटने काडी पेटत नाही, म्हणजे दोन्हीपैकी एक खोटं आहे. आणि हा साधा घोळ नाही, ५ च्या वर गेलं की लेझरच्या धोक्याच्या वर्गवारीत क्लास ३बी लागतो, ५०० च्या वर क्लास ४, तो डोळ्याचा पडदा कायमचा जाळू शकतो. अमेरिकेत पॉइंटर म्हणून ५ च्या वरचा विकताच येत नाही, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये तर १ मिलिवॅटच्या वरचा पॉइंटर प्रतिबंधित शस्त्रात मोडतो. मग 'पूर्ण कायदेशीर' नक्की कुठे?

आणि विकत घेणं कायदेशीर असलं तरी कुणाच्या डोळ्यावर मारणं वेगळीच गोष्ट. स्वसंरक्षणात धोका जेवढा तेवढंच बळ चालतं, कोणी पर्स ओढली आणि तुम्ही त्याला आयुष्यभरासाठी आंधळं केलं तर कोर्टात उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेली लेझर शस्त्रं युद्धातसुद्धा वापरायची नाहीत असा १९९५ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो देशांना लागू होतो, आपल्याला नाही, पण सैनिकाला जे नको ते मी पर्समध्ये ठेवायचं?

बरं एवढं करून तो माणूस थांबेल का, तर तेही नाही. पडदा जळताना दुखत नाही, त्यामुळे डोळा गेला तरी तो अंगावर येऊ शकतो. घाबरल्यावर हात थरथरतो, बाहुलीवर नेम धरणार कसा? काचेवरून उलटून आपल्याच डोळ्यात आला तर अजून वाईट.

चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, कायदा तुमचा तुम्ही बघा. जाहिरातीत मात्र गॅरंटी देताय! रिफंड मिळाला पण कुरिअरचे पैसे कापून. एक स्टार, तोही ग्रिपसाठी. आता पर्समध्ये चांगला झगझगीत टॉर्च आणि पिन ओढली की किंचाळणारा अलार्म ठेवलाय.