‘मत्स्यगंधा’ची पदे, मूळ नटांच्या आवाजात

गोव्यात देवळाच्या उत्सवासाठी संगीत नाटकाची तालीम सुरू झाली की गाणारा नट आणि पेटीवाला यांच्यात एक वाद ठरलेला असतो: पद रेकॉर्डप्रमाणे घ्यायचे की मोकळे सोडून फुलवायचे. ‘मत्स्यगंधा’ बसवताना हा वाद अधिकच चिघळतो, कारण या नाटकाच्या मूळ ध्वनिमुद्रणाला आपल्याकडे जवळजवळ पोथीचा मान आहे. धी गोवा हिंदू असोसिएशनने 1964 साली ते रंगभूमीवर आणले. ‘गर्द सभोती रान साजणी’ ही बालकवींची कविता सोडली तर पदे नाटककार वसंत कानेटकरांचीच, चाली मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींच्या, पराशर झाले रामदास कामत आणि सत्यवती आशालता वाबगावकर. एवढी आपली माणसे एकत्र आल्यावर कौतुकाला धरबंध राहत नाही. म्हणून या वेळी संहिता शेजारी ठेवून सगळी पदे पुन्हा ऐकली.

ध्वनिमुद्रणाचे पहिले बळ त्याच्या आटोपशीरपणात आहे. जुन्या संगीत नाटकांतील पदे तबकडीसाठी कापावी लागत. रंगमंचावर वन्समोअर घेत लांबलेले गाणे तीन-चार मिनिटांत कोंबले की आलापीचा श्वास अपुरा पडलेला ऐकू येतो. अभिषेकींनी मात्र या चालीच मुळात नेमक्या बांधल्या आहेत. ‘गुंतता हृदय हे’ किंवा ‘नको विसरू संकेत मीलनाचा’ ऐकताना काही गाळले गेल्याची शंका येत नाही. तान येते ती शब्दाच्या अंगाने, आणि अर्थ पोहोचताच थांबते. कामतांचा आवाज धारदार आणि वरच्या स्वरांत निर्धास्त. त्यामुळे ‘साद देती हिमशिखरे’मधली हिमालयाची ओढ तपस्व्याला शोभावी अशी करारी वाटते. ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’मध्ये हाच आवाज अधिक संयमाने लागतो, आणि मला तरी ते पद या संचातले सर्वांत परिपूर्ण गायन वाटते.

तरीही हा संच जपून ठेवावा तो आशालताबाईंसाठी. त्यांचा आवाज मैफलीचा नव्हे. त्यात तयारीच्या गळ्याची फिरत नाही, आणि हे त्या लपवतही नाहीत. ‘गर्द सभोती रान साजणी’ त्या जवळजवळ बोलल्यासारख्या म्हणतात, भावगीताच्या जवळ जात. पुढच्या काळात याहून कसलेल्या गायिकांकडून हे पद मी ऐकले आहे, स्वर अधिक पक्के होते, पण सत्यवती हरवली होती. ‘अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा’ या पदात तर थकलेली, हिशेब मांडून बसलेली स्त्री ऐकू येते. तिथे एखादी चमकदार हरकत घेतली असती तर त्या थकव्यावर विश्वासच बसला नसता. भूमिका करणाऱ्यानेच पद गायल्याचा लाभ म्हणतात तो हा. गळा ओळखून चाल बांधणाऱ्या संगीतकाराचाही यात निम्मा वाटा आहे.

उणीव आहे ती गद्याची. नाटकातले पद संवादाच्या टोकावर उभे असते. त्याआधीचे वाक्य कापले की ऐकणाऱ्याला नुसते सुंदर गाणे मिळते, प्रसंग मिळत नाही. तीनच वर्षांनी आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये दोन घराण्यांची चढाओढ ‘घेई छंद मकरंद’च्या दोन चालींतूनच कळते, म्हणून तिथे संवादांची उणीव काहीशी भरून निघते. पराशर-सत्यवतीच्या कथेला ती सोय नाही. त्यात मी वापरतो त्या ऑनलाइन सेवेवर ही पदे इतर नाटकांच्या पदांत विखुरलेली असून क्रमही नाटकाचा नाही, त्यामुळे विरह आधी आणि ओळख नंतर असा प्रकार होतो. संहितेच्या क्रमाने पदे स्वतः लावून घेतल्यास ऐकण्यात बराच फरक पडतो.

पेटीवाल्याच्या वादात माझे मत विचाराल तर पराशराने थोडी मोकळीक घ्यायला हरकत नाही. कामतांच्या गायकीतच त्या जागा दिसतात. सत्यवतीचे काम करणाऱ्या मुलीने मात्र रेकॉर्ड नीट ऐकावी, आणि आशालताबाई जिथे थांबल्या तिथे थांबावे.