कुत्र्याच्या बारक्या जखमेला स्प्रे बरा की बीटाडीन? आणि गोचिडीचं काय करायचं

आमच्याकडे कपाशी निघाली की पऱ्हाटीचे खुंट आणि बांधावरची बाभूळ, यात शेतात फिरणाऱ्या कुत्र्याचे पाय काही ना काही फाटतातच. माझा शेऱ्या रोज मळ्यात येतो, त्यामुळे मी दोन्ही वापरून बघितलंय, मेडिकलवाला देतो तो जनावरांच्या जखमेचा स्प्रे पण आणि साधं बीटाडीन पण.

स्प्रेला नावं ठेवणार नाही. जखमेला हात लावावा लागत नाही, कानाच्या टोकावर माशा बसून जे फोडतात तिथे तर तो फार कामाचा, आणि पावसाळ्यात माशीपासून बचाव करणारा स्प्रे असला तर किडे पडायची भीती कमी होते. गुरं असतील तर एकाच डब्यात सगळ्यांचं भागतं.

पण त्याचा तो आवाज. बटण दाबलं की फुस्स होतं आणि शेऱ्या जागेवरून उडतो. एकदा मारला, पुढच्या वेळी नुसता डबा कपाटातून काढला तरी हा ट्रॉलीखाली जाऊन बसला, कान मागे, शेपूट पोटाशी, भाकर दाखवली तरी बाहेर येईना. ओढून काढायला गेलो तर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर गुरगुरला. दुखतंय म्हणून जवळ येणारं जनावर औषधामुळे लांब पळायला लागलं तर मग रोज ड्रेसिंग करणार कसं? बोळ्यावर मारून लावून पण बघितलं, पण मग हात न लावायचा जो फायदा होता तोच गेला ना.

म्हणून मी बीटाडीनवर आलो. आधी सलाईनने जखम धुवायची, नसलं तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ टाकायचं. मग बीटाडीन पाण्यात फिक्या कोऱ्या चहासारखं होईपर्यंत पातळ करून गॉजने टिपायचं. घट्ट तसंच ओतलं तर नव्याने भरणाऱ्या कातडीला ते त्रासदायक असतं. चाटतो ही अडचण आहे, मी लावल्यावर त्याला भाकर चारत वाळेपर्यंत धरून बसतो, फारच चाटत असेल तर गळ्यात कोन (तोंड जखमेपर्यंत पोचू न देणारा प्लास्टिकचा पट्टा) घाला. घेताना सोल्युशन घ्या, स्क्रब नको, त्यात साबण असतो. डेटॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साईड रोजच्या ड्रेसिंगला नकोच, आणि झिंक ऑक्साईडवालं मलम पण नको, चाटून पोटात गेलं तर विषारी.

तुमचं कुत्रं आवाजाला घाबरत नसेल तर स्प्रेने पण भागेल, माझ्यापुरतं मी सांगतोय.

गोचिडीला मात्र फार विचार लागत नाही, चिमटाच. गावात कोणीतरी म्हणणारच, "रॉकेल लाव ना भो, आपोआप सुटते," पण रॉकेलने कातडी भाजते आणि गोचिडी लगेच सुटत पण नाही. केस बाजूला करून बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची, पोट दाबायचं नाही, आणि न पिळता सरळ, सावकाश ओढायची. बोटांनी चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली आधी बघा, शेऱ्याच्या तिथेच निघतात. कुत्र्याची तपकिरी गोचिडी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून तो झोपतो ती जागा पण साफ करावी लागते.

नंतरचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर तो गोचिडताप असू शकतो, घरी काही करत बसू नका, रक्त तपासून घ्या. खोल जखम, किडे पडलेली जखम पण डॉक्टरकडेच. दुसऱ्या कुत्र्याने चावलेलं असेल तर हातात मोजे घालून साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी न्या.