कॅटॅलिस्ट ९३०० स्टॅक : बंडल की इन्स्टॉल? वापरानंतरचा अनुभव

बुटीबोरीच्या आमच्या प्लांटमध्ये सिस्कोच्या दोन कॅटॅलिस्ट ९३०० नेटवर्क स्विचचा स्टॅक आहे, म्हणजे दोन्ही जोडून एकासारखे चालतात : एक अ‍ॅक्टिव्ह, दुसरा स्टँडबाय. स्पेक सगळ्यांना माहीत आहेत, मी फक्त फेलओव्हरबद्दल (एक गेला की दुसऱ्यानं काम उचलणं) लिहितो कारण डोकं त्यानंच खाल्लं. बसवणाऱ्या पार्टीनं बंडल मोडमध्ये दिला होता, म्हणजे सॉफ्टवेअरची एकच बिन फाइल, तीच मेमरीत उघडते. मला ते आवडायचं, फ्लॅशमध्ये (स्विचच्या आतल्या स्टोरेजमध्ये) इन्स्टॉल मोडसारखा सुट्या पॅकेजेसचा पसारा नाही. आणि दोन्ही स्विच एकाच व्हर्जनवर असले तर एसएसओ, म्हणजे स्टँडबायनं लगेच ताबा घेणं, दोन्ही मोडमध्ये सारखाच चालतो.

घोळ झाला बदली स्विच आल्यावर. पावसाळ्यात वीज पडून एक युनिट गेलं, एएमसीवाल्यांनी (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्यांनी) दुसरं पाठवलं, त्यात सॉफ्टवेअरचं व्हर्जन वेगळं. शो स्विच कमांड मारली तर व्ही-मिसमॅच, म्हणजे व्हर्जन जुळत नाही! बंडलमध्ये ऑटो-अपग्रेड होतच नाही, त्यामुळे तो रॅकमध्ये नुसता दिवे लावून उभा, ना ट्रॅफिक ना स्टँडबाय. फोन केला तर इंजिनिअर म्हणतो, "सर, लाइट हिरवी दिसून राहिली ना, मग चालू आहे." वर व्हिजिट चार्ज वेगळा मागतात. हे भांडण सुरू असतानाच अ‍ॅक्टिव्ह स्विचच्या लाइनची एमसीबी ट्रिप झाली आणि वजनकाटा, हजेरी, डिस्पॅच सगळं बंद, गेटवर ट्रक उभे.

मग मी दोन्ही इन्स्टॉल मोडला नेले आणि मत पार फिरलं. मेमरी कमी लागते, आणि सॉफ्टवेअर ऑटो-अपग्रेड चालू असलं की वेगळ्या व्हर्जनचा मेंबर आला तरी स्टॅक त्याला आपल्या व्हर्जनवर आणतो, फक्त तोही इन्स्टॉल मोडमध्येच पाहिजे. फ्लॅश भरली तर इन्स्टॉल रिमूव्ह इनअ‍ॅक्टिव्ह कमांड मारायची, नको असलेली पॅकेजेस जातात, झालं.

एका रविवारी शो रिडंडन्सी स्टेट्स कमांडमध्ये दुसरा स्विच 'स्टँडबाय हॉट', म्हणजे ताबा घ्यायला तयार, आहे हे बघून मुद्दाम स्विचओव्हर केला. स्टँडबायच्या पोर्टवरच्या आयपी फोनवर स्टोअरवाल्याशी बोलत होतो, कॉल तुटला नाही, मला खरंच लई आनंद झाला! जुन्या अ‍ॅक्टिव्हची पोर्टं रीबूट होईपर्यंत जातातच, म्हणून अपलिंक (पुढच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या लाइन) दोन्ही स्विचमध्ये वाटून एकाच इथरचॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या लिंकमध्ये, ठेवा. ओएसपीएफ (राउटिंग प्रोटोकॉल) असेल तर एनएसएफ लावा, म्हणजे स्विचओव्हरमध्येही ट्रॅफिक चालू राहतं, नाहीतर नेबर (शेजारच्या राउटरशी जोडणी) तुटतो.

व्हिजिटचं बिल मी परत पाठवलंय. पुढच्या एएमसीत लेखी टाकायला लावलं आहे की बदली स्विच आमच्याच व्हर्जनचा, इन्स्टॉल मोडमध्ये आणि 'स्टँडबाय हॉट' दाखवूनच हँडओव्हर होईल, तोवर सही नाही.