दुबई मेट्रो आणि नोल कार्ड: कोल्हापुरातून नव्याने जाणाऱ्यांसाठी

सेवा म्हणून दुबई मेट्रोला पाचपैकी चार गुण. गाडी वेळेवर येते, डबा थंडगार असतो, भाडं टॅक्सीच्या मानाने किरकोळ. एक गुण कापला तो स्टेशनपासून खोलीपर्यंतच्या वाटेसाठी. नव्या माणसाचे हाल होतात ते तिथेच.

आधी कार्ड. मेट्रो आणि बसचं भाडं नोल नावाच्या कार्डातून कापलं जातं. स्टेशनच्या खिडकीवर चांदीच्या रंगाचं, म्हणजे सिल्व्हर नोल मागा. 25 दिरहमला मिळतं, त्यात 19 दिरहम प्रवासाला शिल्लक असतात. लाल कागदी तिकीट पाहुण्यांसाठी ठीक आहे. नोकरीला आलेल्याने ते घेऊ नये, प्रत्येक फेरीला एक दिरहम जास्त जातो. भाड्यासाठी शहराचे झोन, म्हणजे विभाग पाडले आहेत. सिल्व्हरवर एका झोनचे 3, लागून असलेल्या दोन झोनचे 5 आणि त्यापुढे कितीही लांब गेलात तरी साडेसात दिरहम. विमानतळ ते बुरजुमान 5 मध्ये होतं, विमानतळ ते मॉल ऑफ द एमिरेट्स साडेसात. गोल्ड डब्याला बरोबर दुप्पट पडतात. सोय म्हणाल तर थोडी ऐसपैस खुर्ची, बाकी काही नाही.

कार्ड रिकामं ठेवायची सवय महागात पडते. शिल्लक कमी असली की गेट उघडत नाही, आणि तिकीट खिडकीवर एका वेळी किमान 50 दिरहम भरावे लागतात. परतीच्या फेरीसकट 15 दिरहम कायम असू द्या. बसमध्ये रोख चालत नाही. चढताना कार्ड टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. हे दुसरं टेकवणं नवीन माणूस हमखास विसरतो आणि कार्डातून पूर्ण भाडं कापलं जातं. मेट्रोतून उतरून 30 मिनिटांच्या आत फीडर बस (स्टेशनपासून आजूबाजूच्या वस्तीत नेणारी) पकडली तर तो एकच प्रवास धरतात. मधे चहाला थांबलात की नवं भाडं. खाडी ओलांडणारी जुनी अब्रा, म्हणजे होडी, मात्र एक दिरहम रोख घेते, त्यामुळे खिशात सुट्टे हवेतच.

महिन्याच्या पासचं गणित आपल्या मंडळींना कुणी नीट सांगत नाही. 30 दिवसांचा पास एका झोनला 140, दोन झोनला 230, सगळ्या झोनला 350 दिरहम. कुठल्याही झोनचा हिशेब केला तरी महिन्यात 24 दिवस जाऊन-येऊन प्रवास झाला तरच तो परवडतो. शनिवार-रविवार सुट्टीच्या ऑफिसात कामाचे दिवस 22 भरतात, तिथे पास काढणं म्हणजे पैसे सोडणं. दुकान, हॉटेल, गोदाम अशा सहा दिवसांच्या नोकरीला 26 दिवस होतात, तिथे डोळे झाकून काढा.

सामानाचा नियम कडक आहे. माणशी दोन बॅगा: मोठी 81 × 58 × 30 सेंटिमीटरपर्यंत, लहान 55 × 38 × 20. सुतळीने आवळलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन गेटवर उभं राहिलात तर अडवतील. विमानतळाच्या टर्मिनल 1 आणि 3 ला स्टेशन आहे, टर्मिनल 2 ला नाही. तिकिटावर कुठलं टर्मिनल आहे ते कोल्हापुरातच बघून ठेवा. रविवारी पहाटे उतरत असाल तर पहिली गाडी सकाळी 8 ला. इतर दिवशी 5 पासून सुरू.

त्या बॅगेत चटणी असणारच. डंकावर कुटून आणताना तीत खसखस घालू नका, आणि मसाल्याच्या सामानातही वेगळी पुडी नको. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थाच्या कायद्यात बसते. तीळ आणि सुकं खोबरं वाढवलं तर तांबड्या रश्श्याला फारसा फरक पडत नाही. मावा आणि गुटखा तर विमानतळाच्या वाटेवरच टाकायचा. मेट्रोत साधं च्युइंगम चघळलं किंवा पाणी प्यालं तरी 100 दिरहम दंड आहे. विनातिकीट सापडलात तर 200. बायका-मुलांच्या राखीव डब्यात पुरुष शिरला तरी 100, आणि घाईत धावत शिरलेला नवा गडी नेमका तिथेच सापडतो. फलाटावरची गुलाबी खूण बघून उभं राहा.

डब्यात मल्याळी, फिलिपिनो, पठाण, नेपाळी, मिसरी असे सगळे खांद्याला खांदा लावून असतात. घोषणा अरबी आणि इंग्रजीत होतात, पण रस्ता विचारायला हिंदी बिनधास्त वापरा, बहुतेकांना कळते. कोल्हापूरच्या केएमटी बसच्या दारासारखी रेटारेटी इथे चालत नाही, आधी उतरणारे मग चढणारे. तरी सकाळी 7 ते 9 लाल मार्गावर युनियन आणि बुरजुमानला एखादी गाडी सोडावी लागते. लाल आणि हिरवा मार्ग याच दोन स्टेशनांवर भेटतात. बदलताना गेटबाहेर पडायचं नाही. लाल मार्गाला जबेल अलीपासून दोन फाटे फुटतात, एक एक्स्पो 2020 कडे जातो. चढण्याआधी पाटी वाचा, झोप लागली तर भलतीकडे पोचाल.

आता तो कापलेला गुण. मार्ग फक्त दोन, तेही मुख्य रस्त्यांना धरून. नकाशावर ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ दिसणारी खोली जुलैत 45 अंशांच्या उन्हात दहा मिनिटांची राहत नाही, कारण मधला आठपदरी रस्ता ओलांडायला पूल शोधावा लागतो. दुबई मॉलला तर स्टेशनच्या नावातच मॉल आहे, तरी वातानुकूलित पुलावरून जवळजवळ 820 मीटर चालायचं असतं. भाडं वाचतं म्हणून बरेच जण शारजात राहतात. तिथे मेट्रो जात नाही, युनियनहून बस धरावी लागते आणि संध्याकाळच्या कोंडीत ती बस मुंगीच्या पावलाने सरकते. पावसाचंही गृहीत धरू नका. 16 एप्रिल 2024 च्या पावसानंतर लाल मार्गावरची चार स्टेशनं महिनाभराहून जास्त बंद होती. पंचगंगेचा पूर बघितलेल्यांनाही ते पाणी लहान वाटलं नसतं.

2009 मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा शहराची वस्ती 18 लाखांच्या आत होती, आता ती 38 लाखांच्या वर गेली आहे. 30 किलोमीटरचा निळा मार्ग 9 सप्टेंबर 2029 ला सुरू करायचं ठरलं आहे. ‘इथे लवकरच मेट्रो येणार’ म्हणून एजंट जास्त भाडं मागत असेल तर आजच्या स्टेशनचं अंतर विचारा, आणि ते अंतर दुपारी 2 वाजता स्वतः चालून बघितल्याशिवाय चेक देऊ नका.