अर्नाळा वर्गाच्या पाणबुडीविरोधी नौका: काम चोख, पण एकटीला पाठवू नये

बोडीच्या (लहान तळ्याच्या) गढूळ पाण्यात मागूर मासा सापडणं किती अवघड, हे भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला सांगायला नको. किनाऱ्याजवळच्या पाणबुडीचंही तसंच. सोनार म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालची वस्तू शोधणारं यंत्र. इथे त्याचा आवाज तळावर आणि पृष्ठभागावर आपटून प्रतिध्वनींचा गलका होतो, वर मासेमारी ट्रॉलरच्या इंजिनांची घरघर. अशा पाण्यासाठीच 2019मध्ये भारतीय नौदलाच्या 16 नौकांचे करार झाले: आठ कोलकात्याच्या गार्डन रीच (जीआरएसई) या जहाजबांधणी कंपनीशी, आठ कोचीन शिपयार्डशी. कोलकात्याच्या आठांची किंमत सुमारे 6,311 कोटी. वसईजवळच्या किल्ल्याचं नाव घेतलेली पहिली ‘अर्नाळा’ 18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. लांबी 77 मीटर, वजन 1,490 टनांच्या आसपास, 80 टक्क्यांहून जास्त सामान देशी.

डिझेल इंजिनाला वॉटरजेट जोडलाय. म्हणजे आपला मोटरपंपच. खालून पाणी ओढायचं, मागे जोरात फेकायचं. नौकेच्या बुडाखाली पंखा लोंबत नाही, म्हणून कमी पाण्यातही जाता येतं. दुखणंही पंपाचंच: जाळ्याचे तुकडे, प्लास्टिक तोंडाशी अडकलं की जोर गेला. शिवाय वॉटरजेट सावकाश चालताना तेल जास्त खातो, आणि शोध तर सावकाशच घ्यावा लागतो. 25 नॉट्सच्या (ताशी सुमारे 46 किलोमीटर) कमाल वेगाच्या आकड्यावर भाळू नये, तो पाठलागापुरता.

खरी कसोटी सोनारची. मे महिन्यात विहिरीत बुडी मारली की वर कोमट, खाली गार पाणी लागतं. समुद्रातही असे थर असतात आणि आवाज गार पाण्याकडे वाकतो. थराखाली दडलेली पाणबुडी नौकेच्या बुडाशी बसवलेल्या सोनारला हुकू शकते. म्हणून दुसरा सोनार केबलने खाली सोडून ओढतात. पण वेग पडला किंवा वळण तीव्र घेतलं, की तो आणखी खाली जातो आणि तळाला घासायची भीती. पाणी जितकं उथळ, तितका त्याचा उपयोग कमी.

शस्त्रं कामापुरती: हलके टॉर्पेडो (पाण्याखालून लक्ष्याकडे जाणारी स्फोटकं), रॉकेट, 30 मिलिमीटरची तोफ, समुद्री सुरुंग. आरजीबी-60 या पाणबुडीविरोधी रॉकेटचा पहिला पूर्ण देशी फ्यूज (स्फोट घडवणारा भाग) नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्जने बनवून 2023मध्ये नौदलाला दिला. समुद्र नसलेल्या विदर्भाचा हा वाटा!

उणं काय? पहिली नौका 42 महिन्यांत यायची होती, लागली सहा वर्षं. हेलिकॉप्टर उतरायला जागा नाही आणि हवाई हल्ल्यापुढे ती दुबळी. तेव्हा बंदराच्या तोंडाशी, विमानांच्या छत्राखाली, जोडीने फिरवली तरच पैसे वसूल.